इंद्राचे हजार डोळे आणि रुबेन्सच्या बायका

परस्त्रीच्या मोहाची सगळ्यात चमत्कारिक शिक्षा कुठे फिटली? यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबला. निदान गणेश पुराण मानणारे तरी असंच सांगतात. गौतम ऋषींचं रूप घेऊन इंद्र अहल्येकडे गेला, पकडला गेला, आणि शापाने त्याच्या अंगभर हजार योनी उमटल्या. देवांचा राजा तोंड लपवत फिरू लागला. शेवटी कदंबाच्या झाडाखाली त्याने गणपतीची आराधना केली, तिथल्या कुंडात स्नान केलं आणि त्या हजार खुणांचे हजार डोळे झाले. तेच हे कळंबचं चिंतामणी क्षेत्र. विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक. मंदिर जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जायचं. साधारण बारा वर्षांनी कुंडाचं पाणी चढतं, मूर्तीच्या पायाला लागतं आणि ओसरतं, अशी श्रद्धा. फेब्रुवारी २०२४ पासून वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वेसुद्धा येते.

आता या गोष्टीतली गंमत पाहा. इथे पुरुषाच्या वासनेचा पुरावा पुरुषाच्याच अंगावर चिकटवलाय. सतराव्या शतकातल्या युरोपने, म्हणजे कलेच्या इतिहासात ज्याला बरोक काळ म्हणतात त्या काळाने, नेमकं उलट केलं. अंग बाईचं उघडं, लाज बाईच्या चेहऱ्यावर आणि पाहणारा गृहस्थ चौकटीबाहेर, आपल्या दिवाणखान्यात, हातात मद्याचा पेला घेऊन सुखरूप. त्याला शाप द्यायला कोणी गौतम येत नाही.

(आपणही फार कॉलर ताठ करू नये. इंद्राला तीर्थक्षेत्र मिळालं. अहल्या शिळा होऊन रामाची वाट पाहत राहिली.)

दोन म्हातारे, एक आंघोळ

नग्न बाई रंगवायची तर काहीतरी सोवळं निमित्त हवं. बायबलच्या परंपरेतली सुझानाची कथा त्यासाठी फारच सोयीची. सुझाना बागेत आंघोळ करतेय, दोन वयस्क न्यायाधीश झाडाआडून बघताहेत. मग धमकी: आमचं ऐक, नाहीतर तुझ्यावर व्यभिचाराचा आळ घेतो. ती नकार देते, तिला मरणाची शिक्षा होते आणि ऐन वेळी दानिएल नावाचा तरुण दोघांची वेगवेगळी उलटतपासणी घेतो. प्रश्न एकच: ती कोणत्या झाडाखाली होती? दोघे दोन झाडांची नावं सांगतात आणि स्वतःच अडकतात. वकिलीच्या वर्गात शिकवावी अशी गोष्ट. चित्रकारांना मात्र ती कोर्टात क्वचितच नेता आली. बहुतेकांचं गाडं आंघोळीपाशीच अडलं. चर्चलाही चालतं, गिऱ्हाइकालाही.

१६१० साली रोममध्ये एका सतरा वर्षांच्या मुलीने हाच विषय घेतला. आर्तेमिसिया जेंतिलेस्की. बाप ओराझिओ चित्रकार, घरातच कारखाना. तिच्या सुझानाच्या भोवती ना फुलबाग, ना आरसा, ना अत्तराच्या कुप्या. थंड दगडी बाक, त्यावर अवघडून पिळवटलेली बाई, दोन्ही हात वर करून लोटतेय, आणि डोक्यावर दोन पुरुष एकमेकांच्या कानात कुजबुजताहेत. शरीर तितकंच उघडं आहे, पण पाहणाऱ्याला मजा घेता येत नाही. चित्रावर तिची सही आणि साल दोन्ही आहे, तरी ते बापाचंच असणार असं म्हणणारे जाणकार विसाव्या शतकातही होते. मेरी गॅरार्ड या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८९ मध्ये आर्तेमिसियावर ग्रंथ लिहिला, त्यानंतर त्या पिळवटलेल्या कमरेकडे जग नीट पाहायला लागलं.

साक्षीदाराचीच बोटं

पुढच्याच वर्षी, १६११ मध्ये, बापाचा सहकारी चित्रकार आगोस्तिनो तास्सी याने आर्तेमिसियावर बलात्कार केला. लग्नाचं वचन देऊन गप्प बसवलं, वचन पाळलं नाही. १६१२ मध्ये खटला उभा राहिला, सात महिने चालला, आणि त्याचे कागद आजही वाचायला मिळतात. खरं बोलतेय का हे तपासायला न्यायालयाने छळ केला तो आरोपीचा नव्हे, तिचा. बोटांभोवती दोऱ्या गुंडाळून आवळायच्या. चित्रकाराची बोटं! त्या अवस्थेत ती पुन्हा पुन्हा म्हणाली की हे खरं आहे, आणि समोरच्या तास्सीला तिने सुनावलं की हीच का तुझी अंगठी आणि हीच का तुझी वचनं. तास्सीला रोममधून हद्दपारीची शिक्षा झाली. त्याने ती भोगली नाही.

यानंतर तिने रंगवलेली, बायबलच्या परंपरेतलीच, होलोफर्नीस या सेनापतीचा गळा चिरणारी ज्युडिथ पाहिली की लोक लगेच ‘सूड’ म्हणून मोकळे होतात. मला हे थोडं आळशीपणाचं वाटतं. चित्रकार कॅराव्हाजिओनेही चित्रात हाच गळा चिरलाय, त्याला कोणी विचारत नाही की बाबा रे, तुझ्यावर काय प्रसंग आला होता. तिने प्रसंगापुढे जाऊन धंदा केला, १६१६ मध्ये फ्लॉरेन्सच्या कला अकादमीत प्रवेश मिळवला (तिथली ती पहिली बाई), लिहायला-वाचायला शिकली, गॅलिलिओशी पत्रव्यवहार केला.

आणि हो, स्त्रीदेह पाहून चळणाऱ्यांच्या यादीत कॅराव्हाजिओ बसत नाही. त्याने रंगवलेलं बाईचं एकही नग्नचित्र आपल्यापर्यंत आलेलं नाही.

छताला लुगडं

त्याच १६१६ च्या सुमारास आर्तेमिसियाने फ्लॉरेन्समध्ये मायकेलअँजेलोच्या घराण्याच्या वाड्यात छतासाठी एक नग्न स्त्री रंगवली. चेहरा बराचसा तिच्या स्वतःसारखा. सत्तरेक वर्षांनी वाड्याच्या वारसाला घरातल्या बायकापोरांसमोर हे बरं दिसेना. त्याने व्होल्तेरानो नावाच्या चित्रकाराला बोलावून त्या बाईला निळसर कापड नेसवलं. हे कापड इतकं जाड रंगाचं की आता खरवडून काढलं तर खालचं चित्रही जाईल. म्हणून २०२२ पासून फ्लॉरेन्समधल्या तज्ज्ञांनी क्ष-किरण आणि इतर तंत्रं वापरून कापडाखालची मूळ बाई फक्त संगणकाच्या पडद्यावर दाखवायचं काम हाती घेतलं. छतावरची बाई नेसलेलीच राहिली.

त्रेपन्नाचा नवरा, सोळाची नवरी

पीटर पॉल रुबेन्स, फ्लँडर्सचा चित्रकार. त्याच्या चित्रांतल्या भरल्या अंगाच्या बायकांवरून इंग्रजीत विशेषणच तयार झालं. मांड्यांवरच्या वळ्या, गुडघ्यावरचे खळगे, गुलाबी-निळी कातडी. आजच्या जिमवाल्यांना चक्कर येईल. १६३० मध्ये त्रेपन्न वर्षांच्या रुबेन्सने सोळा वर्षांच्या हेलेन फोरमांशी दुसरं लग्न केलं. तिचं एक चित्र व्हिएन्नात आहे: अंगावर फक्त एक फरचा अंगरखा, तोही सावरता सावरत नाहीये. ते त्याने विकलं नाही. मृत्युपत्रात खास तिच्या नावावर केलं. यात प्रेम आहे की मालकी, यावर स्त्रीवादी अभ्यासकांत दोन तट आहेत. एक म्हणतात, बघा, पुन्हा बायको म्हणजे मालमत्ता. दुसरे म्हणतात, सुटलेलं पोट आणि दुमडलेली कातडी इतक्या मायेने दाखवणारा दुसरा कोण? माझं मत दुसऱ्या तटाकडे झुकतं, पण वयातला फरक आठवला की पुन्हा सरकतं.

२०१८ मध्ये फेसबुकने रुबेन्सच्या चित्रांच्या जाहिराती अडवल्या. का? छाती दिसतेय. बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रांताच्या पर्यटनवाल्यांनी वैतागून झुकरबर्गला उघडं पत्र लिहिलं, शिवाय एक खोडकर फिल्म काढली: संग्रहालयात गणवेशातले रखवालदार येतात आणि लोकांना नग्नचित्रांपासून दूर हाकलतात.

गार्टरचे वळ

रेम्ब्रांटने १६३१ च्या आसपास एका नग्न बाईचं कोरीवचित्र केलं. ढिलं पोट, थकलेला देह. पुढे १६८१ मध्ये आंद्रिस पेल्स या डच कवीने तक्रार केली की या माणसाने ग्रीक व्हीनस सोडून धोबीण निवडली, आणि पायमोजे बांधायच्या पट्टीचे वळसुद्धा पायावर तसेच ठेवले! म्हणजे आक्षेप नग्नतेला नव्हताच. ही बाई थोड्या वेळापूर्वी कपडे घालून होती, ती देवी नसून कष्टकरी आहे, हे दिसलं याला होता.

त्याची ‘बाथशेबा’ १६५४ ची. बायबलमधला राजा डेव्हिड गच्चीवरून तिला आंघोळ करताना पाहतो आणि बोलावणं धाडतो. चित्रात राजा नाहीच. तिच्या हातात त्याचं पत्र आहे, आणि डोळे खाली, विचारात बुडालेले. नकार देता येत नाही हे तिला कळलंय. राजाच्या जागी आपण उभे असतो, आणि तिथून हळूच बाजूला व्हावंसं वाटतं.

या चित्रासाठी बहुधा त्याची जोडीदारीण हेन्ड्रिक्ये स्टॉफेल्स बसली होती. त्याच वर्षी तिला चर्चच्या मंडळापुढे उभं केलं: तू चित्रकाराबरोबर लग्नाशिवाय राहतेस. ती गरोदर होती. रेम्ब्रांटशी लग्न का नाही? दुसरं लग्न केलं तर पहिल्या बायकोने ठेवलेल्या संपत्तीला तो मुकणार होता. हिशेब त्याचा, फजिती हिची.

रोममधल्या शिल्पकार बेर्निनीची तर बातच सोडा. संगमरवरात बोटं रुतताना दाखवणारा जादूगार. त्याने आपली प्रेयसी कोस्तान्झा हिचा गळा किंचित उघडा, ओठ विलग असा जिवंत अर्धपुतळा घडवला. १६३८ मध्ये ती त्याच्याच भावाकडेही जाते हे कळल्यावर त्याने नोकर पाठवून तिचा चेहरा वस्तऱ्याने चिरायला लावला. कोस्तान्झाला व्यभिचारासाठी डांबलं. बेर्निनीला दंड झाला, तो पोपने माफ केला.

आरशातून ती कोणाला बघते?

स्पॅनिश चित्रकार वेलास्केझची पाठमोरी व्हीनस लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. समोर आरसा, आरशात तिचा धूसर चेहरा. सगळे म्हणतात, स्वतःला न्याहाळतेय. चूक. भौतिकशास्त्राच्या नियमाने, आपल्याला आरशात तिचा चेहरा दिसत असेल तर तिला आरशात आपण दिसतो. मानसशास्त्रज्ञांनी या फसगतीला नावच ‘व्हीनस परिणाम’ असं दिलंय. म्हणजे पावणेचारशे वर्षं लोक तिला चोरून बघताहेत आणि ती शांतपणे त्यांना बघतेय.

आरशावरून आठवलं. कलासमीक्षक जॉन बर्जरने १९७२ मध्ये बीबीसीवर हा मुद्दा छान पकडला होता: बाईला नग्न रंगवता कारण तुम्हाला बघायचंय, मग तिच्या हातात आरसा देता आणि बाई किती नखरेल म्हणून नाकं मुरडता.

१० मार्च १९१४ ला मेरी रिचर्डसन ही मताधिकारवादी बाई बाहीत खाटकाचा सुरा लपवून आली आणि तिने या व्हीनसच्या पाठीवर सपासप वार केले. आदल्या दिवशी चळवळीच्या नेत्या एमेलिन पँकहर्स्टना अटक झाली होती, त्याचा हा निषेध. सहा महिने कैद. पुढे १९५२ मध्ये तिने आणखी एक कारण सांगितलं: पुरुष दिवसभर त्या चित्रापुढे आ वासून उभे राहायचे ते मला बघवत नव्हतं. त्या धामधुमीत ब्रिटिश म्युझियमने एकट्या बायकांना प्रवेशासाठी सभ्य गृहस्थाची शिफारस मागायला सुरुवात केली. चित्र सांधलं गेलं. मेरीबाई पुढे ब्रिटिश फॅसिस्टांच्या पक्षात महिला विभागाच्या प्रमुख झाल्या; त्यामुळे त्यांना घोषणेत वापरताना स्त्रीवाद्यांची जरा अडचण होते.

बायका खोलीत नकोत, भिंतीवर चालतील

१९७१ मध्ये कला-इतिहासकार लिंडा नॉकलिन यांनी विचारलं होतं की थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत. उत्तर अगदी रोखठोक होतं. मोठी चित्रं काढायला शरीराचा अभ्यास लागतो, तो नग्न मॉडेलसमोर बसून होतो, आणि त्या वर्गात शेकडो वर्षं बायकांना बंदी. याचा पुरावा चित्रकार झोफानीने १७७१-७२ च्या आपल्या चित्रात नकळत देऊन ठेवलाय. लंडनच्या रॉयल अकादमीचे सभासद नग्न पुरुष मॉडेलभोवती जमलेत. अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर याही संस्थापक सभासद. त्यांना वगळता येत नाही, खोलीतही घेता येत नाही. म्हणून त्या दोघी भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत!

१९८९ मध्ये गनिमी पोरींनी, म्हणजे गोरिलाचे मुखवटे घालणाऱ्या ‘गरिला गर्ल्स’नी, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये मोजणी केली. आधुनिक कलेच्या दालनांत स्त्री-चित्रकार ५ टक्क्यांहून कमी, आणि नग्नचित्रांपैकी ८५ टक्के बायकांची.

मुंबईत कपडे उतरले कधी?

जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं. पण नग्न मॉडेल समोर बसवून शिकवायचा वर्ग आला तो पहिलं महायुद्ध संपल्यावर, कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत. मराठी मुलं ओळखीच्या बायकांच्या नऊवारीच्या घड्या रंगवण्यात तरबेज होतीच. आता घडीखालचं शरीर अभ्यासाला आलं.

शरीर छापायचं धाडस मात्र चित्रकाराने नव्हे, गणिताच्या प्राध्यापकाने केलं. र. धों. कर्वे. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि मुखपृष्ठावर चक्क नग्न स्त्रीचं चित्र घातलं. संततिनियमनावरचं मासिक, वाचक घरात लपवून ठेवणार, आणि संपादक म्हणतो शरीरात लपवण्यासारखं काय आहे! खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दोनशे रुपये दंड बसला, मासिक चालूच राहिलं. मला कर्व्यांबद्दल अतोनात आदर आहे. तरी आजची एखादी कॉलेजातली पोरगी तो अंक हातात घेऊन विचारेलच, मुखपृष्ठावर बाईच का, मास्तर?

गोव्यातल्या साळगावचा चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा याने तो प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला. १९४९ मध्ये मुंबईत त्याने स्वतःचंच नग्नचित्र मांडलं. पोलिसांनी ते उतरवलं. १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत अकबर पदमसींच्या ‘लव्हर्स’ चित्रांवर पोलीस आले. पदमसींवर खटला झाला, ते निर्दोष सुटले.

या दोघांची भानगड मरणानंतरही संपली नाही. दोघांची मिळून सात चित्रं परदेशातून मुंबईत आली, तर कस्टम्सने अश्लील म्हणून जप्त केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि अधिकाऱ्यांना समजावलं की प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं.

ती लाजत नाही

हे सगळं युरोपातूनच आलं असं वाटत असेल तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जा. तिथल्या संग्रहालयात लज्जागौरीच्या लहान मूर्ती आहेत. पूर्ण नग्न, पाय फाकलेले, प्रसूतीची मुद्रा. डोक्याच्या जागी बऱ्याचदा कमळ. सुझानासारखी अंग चोरणं नाही, व्हीनससारखं पहुडणंही नाही. बायका मूल मागायला हिच्यासमोर यायच्या, म्हणजे पाहणारी बाईच, आणि नजर नवसाची. संशोधक रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ हा अख्खा ग्रंथ तिच्यावर लिहिला.

कपडे उतरवायचे किती?

चित्रकार झाले, गिऱ्हाइकं झाली, पोलीस झाले. बसणारीचं काय? रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ (२०१८) सिनेमात हा प्रश्न आहे. नवऱ्याला कंटाळून मुलाला घेऊन मुंबईत आलेली यमुना (कल्याणी मुळे), तिला जे.जे.मध्ये मॉडेलचं काम दाखवणारी चंद्राक्का (छाया कदम). मुलाच्या शिक्षणासाठी पैसे हवेत, बस्स. २०१७ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात परीक्षकांनी निवडलेला हा सिनेमा माहिती-प्रसारण मंत्रालयाने यादीतून काढला. परीक्षकांचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. सिनेमा पुढच्या एप्रिलमध्ये थिएटरात लागला.

बरोक काळात मॉडेल कोण? नोकराण्या, बायका, प्रेयसी, वेश्या. नावं फारशी टिकली नाहीत, पण खर्च टिकला, कारण आर्तेमिसियाने तो पत्रांत मांडून ठेवलाय. १६४९ साल, नेपल्स, वय पंचावन्नच्या पुढे. सिसिलीतला श्रीमंत संग्राहक आंतोनिओ रुफो याच्यासाठी ती डायना देवीचं स्नान रंगवत होती: आठ आकृत्या, वर दोन कुत्री. रोममध्ये, फ्लॉरेन्समध्ये, सगळीकडे आपण आकृतीमागे शंभर स्कुदी घेतो असं तिने त्याला आधीच कळवलं होतं. मग मॉडेलचं रडगाणं. पन्नास बायका कपडे उतरवून दाखवतात तेव्हा कुठे एखादी कामाची निघते, खर्चाने कंबर मोडलीय. आणि एकीवरच भागवता येत नाही, आठही जणी निरनिराळ्या दिसायला हव्यात. रुफोसाहेबांनी यावर उत्तर पाठवलं: किंमत एक तृतीयांश कमी करा. बाईंनी साफ नाही म्हटलं.